एका आकड्याची दोनशे वर्षे : अंबरनाथचा शिलालेख, इतिहास संशोधक मंडळे आणि रुळांपलीकडचे अंबरनाथ

१/
अंबरनाथच्या शिवमंदिराचे वय एके काळी दोनशे वर्षांनी अधिक सांगितले जात असे. त्याचे कारण एकच आकडा होता. मंदिरातील शिलालेखाचे शकवर्ष आरंभी ७८२ असे वाचले गेले. पुढे ते ९८२ असल्याचे निश्चित झाले. ही दुरुस्ती कोणी केली, ती शक्य कशामुळे झाली, आणि रेल्वेच्या रुळांपलीकडे वसलेल्या अंबरनाथ पश्चिमेच्या इतिहासाशी तिचा काय संबंध, हे या धाग्यात क्रमाने पाहता येईल.

२/
मंदिर आजच्या अंबरनाथ पूर्वेला, वालधुनीच्या काठी आहे. उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या काळातील हे शिवालय. त्यांची राजधानी स्थानक, म्हणजे आजचे ठाणे. भूमिज शैलीतील मंदिरवास्तूचे महाराष्ट्रातील हे एक जुने आणि महत्त्वाचे उदाहरण मानले जाते. भिंतीवरील मूर्तींची दाटी, खोल गेलेले गर्भगृह आणि माथ्याकडे भग्न झालेले शिखर ही त्याची ओळख. आज ते केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. शिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. ‘पांडवांनी एका रात्रीत बांधले’ ही लोककथाही पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

३/
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईच्या विद्वत्‌वर्तुळाला हे मंदिर दूरचेच होते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली, १८५४ साली ती कल्याणला पोचली आणि १८५६ साली कल्याणहून आग्नेयेस, खोपोलीच्या बाजूस गेली. हा मार्ग अंबरनाथवरूनच जातो. ज्या ठिकाणी जाण्यास पूर्वी दिवस मोडत असे, तेथे मुंबईतील अभ्यासकाला सकाळी निघून संध्याकाळी परतणे शक्य झाले. पुढे याच रुळांनी गावाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. त्याचा विचार पुढे येईल.

४/
त्या काळी मुंबईत इतिहासविषयक साधने जमवण्याचे आणि छापण्याचे काम एक संस्था करीत होती. १८०४ साली सर जेम्स मॅकिन्टॉश यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ हे तिचे मूळ रूप. पुढे ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. आज तिचे नाव एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई असून टाउन हॉलच्या पायऱ्यांमुळे ती मुंबईकरांना परिचित आहे. आरंभी हे गोऱ्या अधिकाऱ्यांचे मंडळ होते. शतकाच्या मध्यानंतर मात्र एतद्देशीय विद्वानांनी तेथे केवळ प्रवेशच मिळवला असे नाही, तर संशोधनाचे धुरीणत्वही घेतले.

५/
त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव अग्रभागी येते. व्यवसायाने वैद्य, वृत्तीने पुराविद. शिलालेख, नाणी आणि हस्तलिखिते मिळवण्यासाठी त्यांनी स्वतःचा पैसा खर्च केला. अंबरनाथचा लेख उजेडात आणून त्याचे वाचन सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध करण्याचे श्रेय त्यांचेच. १८६० च्या दशकाच्या अखेरीस हे घडले. दाराच्या वरच्या दगडी पट्टीवर कोरलेला, संस्कृत भाषेतील हा छोटासा लेख. राजाचे नाव, त्याच्या अधिकाऱ्यांची नावे, देवालयाचा उल्लेख आणि शकवर्ष एवढाच त्याचा ऐवज; पण मंदिराचा काळ ठरवण्यासाठी तोच मुख्य आधार.

६/
शिलालेख वाचणे म्हणजे दगडासमोर उभे राहून अक्षरे लावणे एवढेच नव्हे. दगड आधी स्वच्छ करतात. त्यावर ओला कागद बसवून ब्रशने ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवतात. मग वरून शाई देतात. खोदलेली अक्षरे पांढरी राहतात आणि भोवतालचा भाग काळा होतो. हा झाला ठसा. तो घरी नेता येतो, दिव्याखाली पाहता येतो, दुसऱ्याला पाठवता येतो. मात्र दगड झिजलेला असेल, एखादी खाच भरलेली असेल, तर ठशातही अक्षर संदिग्धच उमटते. जुन्या नागरीतील आकड्यांच्या बाबतीत हा धोका विशेष.

७/
अंबरनाथच्या लेखात नेमके हेच झाले. शकवर्षाचा पहिला आकडा सात म्हणून वाचला गेला आणि मंदिराचा काळ शक ७८२, म्हणजे इ.स. ८६० ठरला. हा फरक किरकोळ नव्हता. मंदिर नवव्या शतकातील ठरले, तर त्याच्या शैलीचा उगम, शिलाहारांच्या वैभवाचा काळ, कोकण आणि माळवा यांच्यातील शिल्पकारांची देवाणघेवाण या साऱ्यांचा क्रमच पालटतो. एक आकडा, आणि त्यामागून दोनशे वर्षांचा इतिहास सरकतो.

८/
७८२ हे वर्ष अन्य लेखांच्या शेजारी ठेवले की अडचण दिसते. कान्हेरीच्या लेण्यांत शिलाहार राजा दुसरा कपर्दी याचे शक ७७५ आणि शक ७९९ चे लेख आहेत. म्हणजे या दोन वर्षांच्या दरम्यान उत्तर कोकणात त्याचीच सत्ता होती. अंबरनाथच्या लेखातील राजा मात्र माम्वाणी, म्हणजेच मुम्मुणी. एकाच प्रदेशात, एकाच घराण्याचे दोन राजे एकाच वेळी नांदत होते असे मानावे लागते. एखादा लेख एकटा असला की त्याचे चुकीचे वाचनही खरे वाटते. चार लेख शेजारी आले, की ते एकमेकांची साक्ष तपासू लागतात.

९/
दुरुस्ती केली ती पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी. मूळचे जुनागढचे भगवानलाल तरुणपणीच भाऊ दाजींच्या कामासाठी मुंबईत आले आणि त्यांच्यासाठी देशभर हिंडून ठसे घेत राहिले. १८७४ साली भाऊ दाजी निवर्तले. त्यानंतर १८७६ च्या सुमारास, सोसायटीच्या त्याच नियतकालिकात, भगवानलालांनी अंबरनाथच्या लेखाचे नवे वाचन मांडले : शकवर्ष ७८२ नव्हे, ९८२. म्हणजे इ.स. १०६०. आपल्याला घडवणाऱ्या माणसाचे वाचन शिष्याने सुधारले, आणि ज्या संस्थेने पहिले वाचन छापले होते तिनेच दुसरेही छापले.

१०/
९८२ हे वर्ष इतर पुराव्यांशी जुळते. भांडुप येथे सापडलेला शिलाहार राजा छित्तराज याचा ताम्रपट शक ९४८ चा आहे. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले. अंबरनाथच्या लेखात मुम्मुणीबरोबर छित्तराजाचेही नाव येते. त्यावरून मंदिराचे काम थोरल्या भावाच्या काळात सुरू होऊन धाकट्याच्या काळात पूर्ण झाले असावे, असे अनुमान काढले जाते. पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे सर्व लेख एकत्र संपादित केले. तो खंड १९७७ साली प्रसिद्ध झाला आणि अंबरनाथचा लेख त्याच्या कुळातील इतर लेखांच्या रांगेत जाऊन बसला.

११/
ही दुरुस्ती कशामुळे शक्य झाली? मूळ लेख जागेवर होता. पहिले वाचन छापील स्वरूपात कोणालाही पाहण्यास उपलब्ध होते. आणि ते छापणारी संस्था माणसांपेक्षा दीर्घायुषी होती. यांतील एक दुवा तुटला असता, तर चूक तशीच राहिली असती. भाऊ दाजींनी आपले वाचन टिपणवहीत ठेवून दिले असते, तर ते चुकल्याचे कोणाला कळलेही नसते. पण मग ते सुधारलेही गेले नसते. इतिहास जपणाऱ्या संस्थेचे खरे काम येथे दिसते. तिने दिलेले उत्तर अंतिम असावे अशी अपेक्षा नसते. ते तपासता यावे, ही असते.

१२/
याच काळात मंदिराचेही दस्तऐवजीकरण झाले. १८६८ साली मुंबई सरकारने सर जे. जे. कलाशाळेचे जॉर्ज टेरी यांच्या नेतृत्वाखाली एक पथक अंबरनाथला पाठवले. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी मंदिराचे आराखडे काढले, छायाचित्रे घेतली गेली, शिल्पांचे साचे उतरवले गेले. जेम्स बर्जेस यांनी १८७२ साली सुरू केलेल्या ‘इंडियन अँटिक्वेरी’ या मासिकातून १८७४ साली त्या कामाचा परिचय वाचकांसमोर आला. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत पावसाने आणि वाऱ्याने जे झिजवले, ते त्या दिवशी कसे होते हे सांगणारा साक्षीदार म्हणून या आराखड्यांचे मोल आहे.

१३/
साधने छापून त्यांच्या प्रती वाढवणे हाच जतनाचा भक्कम मार्ग, हा विचार जगात अन्यत्रही रुजला होता. अमेरिकेत १७९१ साली मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी स्थापन झाली. एकाच कपाटात ठेवलेला एकुलता एक कागद आगीत, पुरात वा युद्धात नष्ट होऊ शकतो, शंभर ठिकाणी पोचलेली छापील प्रत सहसा नष्ट होत नाही, ही तिच्या संस्थापकांची धारणा. पुढे त्या देशात राज्याराज्यांतून अशी मंडळे उभी राहिली आणि त्यांच्या आश्रयाने गावोगावची लहान मंडळेही वाढली. महाराष्ट्रात हे काम वेगळ्या वाटेने झाले. येथे सरकारी दप्तरखान्यांच्या बाहेर राहून ते व्यक्तींनी आणि लोकवर्गणीवर चालणाऱ्या मंडळांनी केले.

१४/
त्यांत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे स्थान अनन्य आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि एकूण बावीस खंड प्रसिद्ध झाले. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, देवघराशेजारच्या पेटाऱ्यांत पडलेली दप्तरे त्यांनी गावोगाव हिंडून मिळवली. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. १९२६ च्या अखेरीस राजवाडे धुळे येथे निवर्तले. त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. एका माणसाच्या वेडाला दोन संस्थांचे छप्पर मिळाले.

१५/
पुण्याच्या मंडळाची कार्यपद्धती साधी होती. कोणी सभासद गावाहून एखादे पत्र, सनद वा बखर आणी. मंडळाच्या सभेत ती वाचली जाई. कागद कोठे मिळाला, कोणाच्या दप्तरातला, तारीख कशी लावली, यावर चर्चा होई. मग तो इतिवृत्तात, संमेलनवृत्तात किंवा त्रैमासिकात छापला जाई. मालकाची इच्छा असेल तर मूळ कागद मंडळाच्या संग्रहात येई. आज त्या संग्रहात लक्षावधी मोडी आणि फार्सी कागद, हजारो हस्तलिखिते, नाणी, चित्रे असा मोठा ठेवा आहे. सभेत वाचणे आणि छापणे या दोन पायऱ्यांमुळे प्रत्येक कागदाला पहिल्याच दिवशी परीक्षक मिळत.

१६/
या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध फळ म्हणजे जेधे शकावली. भोर भागातील कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात जपलेले हे टिपण लोकमान्य टिळकांनी १९१६ साली मंडळाच्या प्रकाशनातून प्रसिद्ध केले. शिवछत्रपतींचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात झाला असे तोवर बखरींच्या आधारे मानले जाई. शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी होती, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे कवींद्र परमानंदांचे ‘शिवभारत’ प्रकाशात आले आणि त्यातही हीच तिथी मिळाली. वाद दीर्घकाळ चालला. अखेर राज्य शासनानेही १९ फेब्रुवारी हीच तारीख स्वीकारली.

१७/
अंबरनाथच्या लेखाची आणि जेधे शकावलीची जातकुळी एकच आहे. दोन्हींत तारीख बदलली, दोन्हींत आधार कोण्या एका गावच्या साधनाचा होता, आणि दोन्हींत ते साधन छापल्यामुळे इतरांना ताडून पाहता आले. राजा-महाराजांच्या इतिहासातील मोठा प्रश्न कित्येकदा एखाद्या देशमुखाच्या घरातील टिपणाने वा खेड्याजवळच्या मंदिराच्या चौकटीने सुटतो. म्हणून स्थानिक इतिहासाला दुय्यम समजण्याचे कारण नाही. मोठ्या इतिहासाचे दस्त तेथेच ठेवलेले असतात.

१८/
जतन आहे पण वाटप नाही, अशा स्थितीचेही उदाहरण महाराष्ट्राच्या समोर आहे. पेशवे दप्तरातील कोट्यवधी कागद इंग्रज सरकारने पुण्यात नीट बांधून ठेवले होते. ते चोरीला गेले नाहीत, जळाले नाहीत. परंतु अभ्यासकांना ते पाहण्यावर दीर्घकाळ कडक निर्बंध होते. १९३० नंतरच्या काही वर्षांत रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा कोठे मराठ्यांच्या इतिहासलेखनाला नवे बळ मिळाले. तोपर्यंत हा ठेवा सुरक्षित होता आणि मुकाही होता.

१९/
आज राज्याच्या पातळीवर पुराभिलेख संचालनालय आणि दर्शनिका विभाग ही दोन कामे सांभाळतात. पुराभिलेखाची परंपरा १८२१ साली मुंबईत सुरू झालेल्या दप्तरखान्यापासूनची. मोडी वाचता येणारी माणसे तयार व्हावीत म्हणून हा विभाग प्रशिक्षण वर्गही भरवतो. ठाणे जिल्ह्याचे जुने गॅझेटियर १८८२ साली निघाले आणि त्याच्या सिद्धतेत भगवानलाल इंद्रजींचाही हातभार होता. सार्वजनिक अभिलेखांसाठी राज्यात २००५ चा कायदाही आहे. परंतु हा कायदा सरकारी कागदांपुरता. घरातील ट्रंक, कामगार संघटनेचे कपाट, गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीच्या वह्या त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

२०/
अंबरनाथ पश्चिमेचा प्रश्न येथून सुरू होतो. पूर्वेच्या इतिहासाला दगडाचा आधार आहे. पश्चिमेचा इतिहास कागदात आणि आठवणीत आहे. कोहोजगाव, खुंटवली ही जुनी गावे, त्यांची शेते, सातबारे आणि ग्रामदैवते. १९२३ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा काडेपेटीचा कारखाना, ज्याच्या नावाने विम्को नाका आजही ओळखला जातो. आयुध निर्माणी आणि तिची वसाहत. कोकण, घाट, उत्तर आणि दक्षिण भारतातून आलेल्या कामगारांच्या चाळी. शंभर वर्षांत एका खेड्याचे औद्योगिक शहर कसे झाले, याची ही सारी साधने.

२१/
शेजारीच उल्हासनगर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून ‘कल्याण कॅम्प’चे उल्हासनगर झाले. शहराच्या पत्त्यांत ‘कॅम्प’ हा शब्द आणि त्याचा क्रमांक अजून टिकून आहे. त्या पिढीने बरोबर आणलेले दाखले, पत्रे, हिशेबाच्या वह्या बहुधा अरबी वळणाच्या सिंधी लिपीत आहेत. मराठी घरांत मोडीचे जे झाले, तेच तेथे या लिपीचे होत आहे : कागद घरात आहे आणि वाचणारे घरात उरलेले नाही.

२२/
कागदांच्या मालकांचीही नावे बदलत गेली. ज्या जीआयपी रेल्वेने हा मार्ग बांधला, ती १९५१ साली मध्य रेल्वेत विलीन झाली. काकोळे येथील जीआयपी धरणाच्या नावात ती उरली. १९८३ साली अंबरनाथ आणि बदलापूर कल्याणच्या महानगरपालिकेत गेले आणि १९९२ साली बाहेर पडले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ संपुष्टात येऊन देशातील कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले. असा प्रत्येक बदल झाला की दप्तरे हलतात, काही ‘निरुपयोगी’ ठरतात आणि रद्दीत जातात. राजवाड्यांच्या काळी वाळवी आणि पाऊस हे शत्रू होते. आज त्यांत स्थलांतर, पुनर्विकास आणि रद्दीचा भाव यांची भर पडली आहे.

२३/
उपाय मात्र जुनेच, आणि फार खर्चाचे नाहीत. मूळ कागद घरच्यांकडेच राहावा, त्याचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी. कागद कोणाचा, कोठे मिळाला, किती पानांचा, याची नोंद त्याच दिवशी करावी. वृद्ध कामगाराची आठवण ध्वनिमुद्रित करताना दिनांक, स्थळ आणि सांगणाऱ्याची संमती नोंदवावी. प्रती एकाच ठिकाणी न ठेवता गावचे ग्रंथालय, एखादे महाविद्यालय आणि पुण्या-मुंबईची एखादी संस्था अशा निदान तीन जागी ठेवाव्यात. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. अशा संस्था सव्वाशे-दीडशे वर्षे चालवण्याची या जिल्ह्याला सवय आहे.

२४/
जमवलेले छापले पाहिजे, आणि छापताना आधार व अनुमान वेगळे ठेवले पाहिजेत. आठवण ही आठवण म्हणून, दंतकथा दंतकथा म्हणून नोंदवावी. पांडवांची कथा मंदिराचा काळ सांगत नाही. ती लोकांनी त्या वास्तूकडे कसे पाहिले ते सांगते, आणि म्हणून तीही जपण्याजोगी आहे. कारखान्यातील संप कोणत्या वर्षी झाला याविषयी दोन कामगारांच्या दोन आठवणी असतील, तर दोन्ही द्याव्यात. उद्या एखाद्या पगारपत्रकाने वा जुन्या वर्तमानपत्राने निवाडा होईल. आज एकच आठवण निवडून दुसरी पुसली, तर निवाड्यासाठी काही उरणार नाही.

२५/
भाऊ दाजींचे वाचन चुकले, तरी त्यांचे काम फुकट गेले नाही. त्यांनी लेख लोकांपुढे ठेवला, म्हणूनच तो दुरुस्त झाला आणि अंबरनाथला १०६० हे वर्ष मिळाले. दगडावरच्या लेखाला वाचकासाठी आठशे वर्षे थांबता आले. चाळीतल्या ट्रंकेतील पगारपत्रक, बराकीतून आलेला निर्वासिताचा दाखला आणि ऐंशी वर्षांच्या कामगाराची आठवण यांना तेवढा अवधी नाही.

(समाप्त)